चिठ्ठी, सनद आणि मुक्ती

मलंगगडावरच्या पिराची वहिवाट कुणाकडे असावी, यावरून कल्याणात १८१७ साली तंटा झाला आणि प्रकरण सरकारदरबारी गेलं. कल्याणच्या मुसलमानांचं म्हणणं सरळ होतं. दर्गा पिराचा, मग देखभाल ब्राह्मणाकडे का? समोर होते केतकर. त्यांचे पूर्वज काशिनाथपंत पेशव्यांच्या वतीने गडावर गेले होते. १७८० साली इंग्रजांनी गडाला वेढा घातला, मग ते मागे फिरले. ही पिराची कृपा, असं मानून पेशव्यांनी काशिनाथपंतांच्या हाती मोत्यांची जरीची चादर पाठवली. पुण्याचे चित्पावन पेशवे, कल्याणचा ब्राह्मण आणि अरबस्तानातून आलेला फकीर मलंगबाबा. असं त्रिकूट आज कुणी नाटकात घातलं, तर पहिल्याच प्रयोगाला बाहेर घोषणा होतील.

सरकारने तेव्हा समिती नेमली नाही, समितीला मुदतवाढही दिली नाही. पिराचीच मर्जी विचारू, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तीनदा टाकल्या. तिन्ही वेळा चिठ्ठी केतकरांकडची निघाली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात ही हकीगत आहे.

चिठ्ठ्यांवर न्याय करणाऱ्या सरकारला हसायचं तर खुशाल हसा. पण त्या निकालाचा एक गुण कबूल करायला हवा. कोण खरा आणि कोण उपरा, हे सरकारने गावाला शिकवलं नाही. देखभालीचा तंटा होता, देखभालीपुरता निकाल दिला आणि साहेब कचेरी बंद करून घरी गेला. गडावर पुढे चादरही चढत राहिली आणि आरतीही होत राहिली.

दोनशे वर्षांत सरकार बरंच सुधारलं. २ जानेवारी २०२४ ला मलंगगडाच्या हरिनाम महोत्सवात त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की मलंगगडाबद्दल तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, काही गोष्टी जाहीर बोलायच्या नसतात, पण तुमची मुक्तीची इच्छा पुरी केल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. जाहीर बोलायचं नसतं, हे जाहीर सभेत, माईकवरून, कॅमेऱ्यांसमोर. गुपित फोडावं तर असं!

मुक्तीचं हे आंदोलन नवं नाही. ठाण्याच्या आनंद दिघेंनी ऐंशीच्या दशकात ते उभं केलं. गडावरची समाधी नाथपंथी मच्छिंद्रनाथांची आहे, असं त्यामागचं म्हणणं. तसं मनापासून मानणारे भाविक आहेत आणि त्यांच्या श्रद्धेला नाक मुरडायचं काही कारण नाही. तेव्हा ते एका पक्षाचं आंदोलन होतं. पटलं तर जा, नाही पटलं तर रविवारची झोप काढा. माघ पौर्णिमेला दोन्ही बाजूंच्या घोषणा व्हायच्या आणि मधे हवालदार काठी धरून उभा असायचा. आता हवालदाराच्या साहेबाचा साहेबच एका बाजूच्या सतरंजीवर जाऊन बसला. हवालदाराने कुणाकडे तोंड करून उभं राहायचं?

आदल्या वर्षी, २०२३ च्या माघ पौर्णिमेलाही शिंदे मुख्यमंत्री असताना गडावर गेले होते. आरती केली, भगवी चादर घातली. त्याला हरकत घेणारा माणूस मी नव्हे. मलंगबाबाकडे येणारा प्रत्येक जण आपापल्या रंगाचं कापड घेऊन येतो. वाटेवरच्या दुकानात हिरवी चादर, भगवी चादर, नारळ, उदबत्तीचे पुडे आणि साखरफुटाणे एकाच फळीवर मांडलेले असतात. दुकानदार गिऱ्हाइकाला जात-धर्म विचारत नाही. तो विचारतो, 'सुटे आहेत का?' मुख्यमंत्र्यांनी चादर घातली ती भाविक म्हणून. मुक्तीचं वचन मात्र त्यांनी खुर्चीवर बसून दिलं. याच खुर्चीसाठी त्यांनी शपथ घेतली होती, की भय, पक्षपात, ममत्व किंवा आकस न ठेवता सर्वांना न्यायाने वागवीन.

आता कुणी म्हणेल, एका भाषणाने काय होतं? लोक काय दुधखुळे आहेत? नाहीत. पण 'राजा बोले, दळ हाले' ही म्हण आपल्याकडे उगाच आली नाही. अमेरिकेत मार्गरेट टँकर्ड आणि एलिझाबेथ लेव्ही पॅलक या दोन संशोधिकांनी हेच जरा शिस्तीत तपासलं. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. त्या निकालाच्या आधी आणि नंतर त्यांनी लोकांना प्रश्न विचारले. २०१७ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की निकालामुळे लोकांचं स्वतःचं मत लगेच बदललं नाही. बदलला तो 'बाकीचे लोक काय मानतात' याचा अंदाज. वारा कुठल्या बाजूचा आहे, ते निकालाने सांगितलं.

सरकारची खरी ताकद ही. सरकार तुमच्या डोक्यात विचार घालत नाही, तेवढी त्याची ऐपत नाही. आधीपासून पोटात असलेलं काय ओठांवर आणायला हरकत नाही आणि काय गिळून टाकावं, एवढंच ते कळवतं. कधी निकालातून, कधी सनदेतून, कधी नोटिशीतून आणि सगळ्यात स्वस्तात म्हणजे माईकवरून.

याचा उलटा पुरावा हवा असेल, तर गडावरून उतरा आणि उल्हासनगरला या. फार लांब नाही. अंबरनाथहून कल्याणच्या दिशेने पुढचंच स्टेशन.

फाळणीनंतर सिंधी आले ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये. आकडा लाखाच्या घरात. आजूबाजूला गावं आगरी-कोळ्यांची आणि मराठी चाकरमान्यांची. भाषा वेगळी, लिपी उलटी, धंद्याची चाल वेगळी. स्वागताला कुणी पंचारती घेऊन उभं नव्हतं. मुंबई सरकारचीही सुरुवात कपाळाला आठ्या घालूनच झाली. १९४८ साली निर्वासितांसाठी खास कायदा केला. नाव नोंदवा आणि सांगू तिथे राहा, हा त्याचा सूर. सरकार असं बोलत होतं, तेव्हा गावकरीही त्याच सुरात बोलत होते.

मग सरकारचा सूर बदलला. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी खुद्द आले आणि कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. १९५४ साली विस्थापितांना भरपाई आणि पुनर्वसन देणारा केंद्राचा कायदा आला. बराकीतल्या खोल्यांच्या सनदा हातात पडू लागल्या. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. त्या वेळी ती भाषा सांगणारं एकही राज्य देशात नव्हतं, आजही नाही. १९९६ साली महापालिका झाली. २००५ मध्ये एका गृहस्थांना राष्ट्रगीतातला 'सिंध' खटकला. तो प्रांत आपल्याकडे नाही, तर शब्द काढा, अशी याचिका घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने याचिका फेटाळली आणि वर दहा हजारांचा भुर्दंड लावला. देशप्रेमाची पावती जरा महागच पडली.

एवढ्या सगळ्या कागदांचा परिणाम काय झाला, तो लग्नपत्रिकेत दिसतो. उल्हासनगरची पत्रिका हातात घ्या. यजमानांच्या नावाखाली पत्ता असतो 'बॅरेक नंबर अमुक, कॅम्प नंबर तमुक'. प्रत्यक्षात तीन मजली घर, दारात दोन गाड्या, आणि पत्ता अजून बराकीचा. लपवायची गरज वाटत नाही. कारण कॅम्पातला माणूस म्हणजे उपरा, ही भाषाच आता कुणाच्या तोंडी नाही. बदलापूरचा जोशी कॅम्प तीनमध्ये दालपकवान हाणतो, अंबरनाथची पाटलीणबाई लग्नाचा बस्ता गजानन मार्केटमध्ये बांधते, आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद खुद्द सिंधीच आधी सांगून मोकळे होतात. माणसं चांगली होती म्हणून हे झालं, असं म्हणायला बरं वाटतं. माणसं तीच होती. सरकारने हे लोक आपलेच म्हणून पुन्हा पुन्हा लिहून दिलं, हे त्यात जास्त महत्त्वाचं.

लिहून देण्याची हौस कुठवर जावी? उच्च न्यायालयाने उल्हासनगरातल्या ८५५ बेकायदा इमारती पाडा म्हणून सांगितलं, तर राज्य सरकारने २००६ साली एका शहरासाठी एक अख्खा कायदा केला. शहराचं नाव कायद्याच्या नावातच. बेकायदा बांधकाम नियमित करायला एवढं प्रेम! त्या इमारतींत सगळ्याच जातिधर्मांची माणसं राहतात आणि त्यांना रस्त्यावर आणा, असं कुणी म्हणणार नाही. पण २०२४ च्या जुलैमध्ये विशाळगडावरच्या अतिक्रमणांचा विषय निघाला, तेव्हा 'माणसं कुठे जातील' ही कळकळ कुठे गेली होती? गडाच्या पायथ्याच्या गजापुरात जमावाने मुसलमानांची घरं फोडली. आधी जमाव गेला, मागून सरकारी यंत्रणा हातोडे घेऊन गेली. शेवटी भर पावसात घरं पाडू नका, हे उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. अतिक्रमण इथेही, तिथेही. इथे विधेयक, तिथे हातोडा. लोक काय शिकणार? जे दिसतं तेच.

(आणि सरकार सगळ्यांनाच सनद देतं, असंही नाही. मलंगगडाच्या वाटेवरच्या नेवाळीला त्याच महायुद्धात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपून पिढ्या गेल्या. २०१७ साली नौदलाची भिंत उठायला लागली, तेव्हा गावं रस्त्यावर उतरली आणि गाड्या जळल्या. भूमिपुत्राला सनद मिळायला नेमकं किती दूरवरून यावं लागतं, हा त्यांचा प्रश्न वावगा नाही.)

पुढचा नमुना अकरावीच्या प्रवेशाचा. उल्हासनगरचं सीएचएम कॉलेज चालवणारं एचएसएनसी बोर्ड १९२२ साली सिंधमधल्या हैदराबादेत स्थापन झालं. ते भाषिक अल्पसंख्याकांचं कॉलेज, म्हणून निम्म्या जागा सिंधी मुलांसाठी. बदलापूर-अंबरनाथचे पालक यादी बघतात, सुस्कारा सोडतात आणि पुढच्या पसंतीक्रमाकडे वळतात. 'लांगूलचालन' म्हणून कुणी बोंब मारत नाही. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचा हक्क आहे, मंत्रालयाचा दाखला आहे, विषय संपला. संपायलाच हवा.

आता ताट फिरवा. २०१४ च्या जुलैत राज्य सरकारने मराठा समाजाला सोळा टक्के आणि मुसलमानांमधल्या मागासांना पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिम आरक्षण नोकऱ्यांत थांबवलं, शिक्षणात मात्र चालू ठेवायला परवानगी दिली. म्हणजे कोर्टात जेवढं टिकलं ते मुसलमानांच्या शिक्षणाचं. तोवर सरकार बदललं होतं. नव्या सरकारने मराठा आरक्षणासाठी धावपळ केली आणि टिकलेला तुकडा वटहुकुमाची मुदत संपेपर्यंत मांडीवर ठेवून शांत बसलं. ना रद्द केला, ना वाढवला. मरू दिला. त्यानंतर चहाच्या टपरीवर 'त्यांना कशाला हवं?' असं म्हणणाऱ्याला कोण अडवणार? तो सरकारचंच मत मांडत होता, तेही बिनपगारी.

एकाच तालुक्याच्या शिवेवर दोन अल्पसंख्याक. एकाचा हक्क दाखल्यासह येतो, म्हणून शिष्ट दिसतो. दुसऱ्याचा हक्क घोषणेतून येतो, म्हणून भीक वाटतो.

शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेचा पराक्रमही राहून जायला नको. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी चोवीस तास कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवा, असा फतवा निघाला. कारण विचारलं तर १९८८ चा ठराव दाखवला. ठराव इतका जुना, की पास झाला तेव्हा आजचे निम्मे नगरसेवक चड्डीत असतील. अजित पवार तेव्हा उपमुख्यमंत्री होते. त्यांनाही हे पटलं नाही आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. ज्याला त्या दिवशी मटण खायचं होतं त्याने आदल्या दिवशी आणून ठेवलं. फ्रिज सेक्युलर असतो. पण खाटकाच्या दुकानावर चिकटवलेल्या त्या कागदाने गल्लीला काय सांगितलं? देशाच्या सणाच्या दिवशी या माणसाचं दुकान उघडं दिसणं बरं नाही, हे सांगितलं. खाटीक हिंदू असो की मुसलमान, त्याला लाज वाटायला लावायचं काम महापालिकेने एका पानात उरकलं. डास आणि खड्डे यांच्याविरुद्ध १९८८ मध्ये काही ठराव झाले असतील, तर तेही कुणी शोधून काढावेत.

बरं, मलंगगडावर सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही चित्र रंगवू नका. तिथली भांडणं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत, तीही दोनदा. पहिला निकाल १९५४ च्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'मध्ये, म्हणजे एआयआरमध्ये, छापला आहे, गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद जाफर. न्यायालयाने गडाची चाल बारकाईने पाहिली आणि सांगितलं, की हे संमिश्र देवस्थान आहे. याला नुसता हिंदू कायदा लागत नाही, नुसता मुस्लिम कायदाही नाही. इथली स्वतःची वहिवाट आणि विश्वस्तांचा सर्वसाधारण कायदा, एवढंच लागू. देशाच्या सर्वोच्च संस्थेने याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? गड आधीच दोघांचा आहे. मग मुक्ती कुणाची आणि कुणापासून?

दुसरा निकाल १९६८ चा. त्यात गडाच्या जमिनीचा प्रश्न होता, आणि तो केतकरांच्या विरुद्ध गेला. हिशेबाचे कागद ज्याच्या ताब्यात आहेत तो ते न्यायालयापुढे आणत नसेल, तर कागद त्याच्या विरुद्धच जाणारे आहेत असं समजावं, हे तत्त्व त्यात मांडलं गेलं. देशभरातल्या कोर्टांत वकील आजही हा निकाल पुढे करतात. मलंगबाबाने भारतीय पुरावा कायद्याला दिलेली ही देणगी. ज्या गावाने ती दिली, तिथेच ती कुणाला ठाऊक नाही. हेच तत्त्व मुक्तीवाल्यांना लावून बघा. चाळीस वर्षं म्हणताय गड अमुकांचा. कागद कुठे आहे? घोषणा सोडून न्यायालयापुढे काय ठेवलंत?

या दोन्ही भांडणांत एक मजेशीर गोष्ट आहे. वादी-प्रतिवादी भिन्न धर्मांचे, पण भांडण दानपेटीचं, जमिनीचं, कारभाराचं. म्हणजे ज्याची देखभाल त्याने हिशेब द्यावा, या सरळ मुद्द्यावरचं. अशी भांडणं तब्येतीला चांगली असतात. ती कोर्टात सुटतात, कुणाचं घर जळत नाही. दोनशे वर्षं हे लोक भांडतायत आणि तरीही एकाच गडावर नांदतायत, हे बाहेरून मुक्ती घेऊन येणाऱ्यांना बहुतेक खपत नसावं.

सरकारला गडासाठी काही करायचंच होतं, तर काम होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढणीचा त्रास होतो म्हणून तिथे फ्युनिक्युलर गाडीचा प्रकल्प हाती घेतला. तो दहा वर्षांहून जास्त काळ रखडला. कंत्राट, मुदत, पुन्हा मुदत. भाविकाला पायऱ्यांपासून मुक्ती द्यायला एक तप पुरलं नाही, आणि पिरापासून मुक्ती एका संध्याकाळी जाहीर झाली. पहिल्या कामाला अभियंता लागतो. दुसऱ्याला माईक पुरतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला प्रार्थनास्थळाचं जे स्वरूप होतं तेच कायम राहील, असं सांगणारा १९९१ चा कायदा आजही पुस्तकात आहे. १२ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांना बजावलं, की या कायद्याचा फैसला होईपर्यंत असे नवे दावे नोंदवून घेऊ नका. न्यायाधीशांना गप्प राहायला सांगणारं न्यायालय आहे. मंत्र्यांना गप्प राहायला सांगणारं कुणी नाही. ते काम तुमचं-आमचं.

तेव्हा अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या मतदारांनो, पुढच्या वेळी कुणी दारात हात जोडून आलं, की आधी पाण्याचं आणि लोकलच्या गर्दीचं विचारा. त्यावर त्यांनी मलंगगडाचा विषय काढला, तर चहा द्या, आणि १९५४ च्या एआयआरमधला निकाल वाचलाय का, एवढंच विचारा. नसेल वाचला, तर दार लावून घ्यायला हरकत नाही.